खलनायकाचा पत्ता : कॉटन ग्रीन

जग जिंकायला निघालेल्या माणसाला आधी जागा लागते. जेम्स बाँडच्या १९६७च्या सिनेमातला खलनायक ज्वालामुखीच्या पोटात राहायचा. ‘मिस्टर इंडिया’तल्या मोगॅम्बोकडे तर अख्खं बेट होतं. विनोदी वेबकॉमिक काढणाऱ्याने या दोघांचा हेवा करू नये. बेटावर शेजारी नसतात. पाणी किती वाजता येणार हे तिथे कुणी विचारत नाही, वर्गणीचं पावतीपुस्तक घेऊन मंडळाची पोरं दारात उभी राहत नाहीत, आणि महाखलनायकाची खरी फजिती तर हीच माणसं करतात. म्हणून नाव, मुखवटा, गडगडाटी हसणं हे सगळं मागाहून. आधी ठरवायचं ते एवढंच, की हा गृहस्थ राहतो कुठे आणि सकाळी कोणती लोकल पकडतो.

मुंबईत अशी जागा शोधायची तर हार्बर मार्गावर रे रोड आणि शिवडीच्या मधे उतरावं. कॉटन ग्रीन स्टेशनच्या पूर्वेला जुनी गोदामं आणि कॉटन एक्स्चेंजची भव्य इमारत. पश्चिमेला अभ्युदयनगर, काळाचौकी, आणि पुढे चालत गेलं की लालबाग. कापसाचा बाजार मुळात कोटात, सेंट थॉमस चर्चसमोरच्या मोकळ्या हिरवळीवर भरायचा. १८४४मध्ये तो कुलाब्याला हलला आणि १९२०च्या दशकात पोर्ट ट्रस्टने माझगाव-शिवडीच्या बाजूला समुद्र हटवून केलेल्या जमिनीवर आला. हिरवळ मागेच राहिली, नाव तेवढं सोबत आलं.

कापसाच्या जोरावर जग मुठीत घेण्याची स्वप्नं या शहराने खरोखर पाहिलेली आहेत. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी पेटली, लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, आणि मुंबईच्या कापसाचा भाव आभाळाला भिडला. कापसाचे व्यापारी प्रेमचंद रायचंद यांच्या शब्दावर बँका कर्ज देऊ लागल्या. युद्ध संपलं आणि १८६५मध्ये ते स्वतः, बँका आणि अर्धं शहर एकदम खाली आलं. पुढे न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराचे उघडते आणि बंद होतानाचे भाव तारेने मुंबईत येऊ लागले, त्या आकड्यांवर लोक पैसे लावू लागले. १९६१मध्ये ते आकडे येणं थांबलं, तेव्हा कल्याणजी भगत आणि रतन खत्री यांनी आकडे इथल्या इथेच काढायला सुरुवात केली आणि मटका जन्माला आला. मटक्यातलं ‘ओपन’ आणि ‘क्लोज’ आलं ते कापसाच्या बाजारातून. तेव्हा महत्त्वाकांक्षा, सट्टा, रिकामी गोदामं आणि जवळच समुद्र, असं महाखलनायकाला लागणारं सगळं साहित्य इथे आयतं आहे.

आता एक पात्र कल्पू. प्रलयंकर परब. वय बेचाळीस, अविवाहित, आजोबा गिरणीत साच्यावर होते. राहणार अभ्युदयनगर, आईसोबत. पूर्वेच्या एका गोदामात त्याने पृथ्वीचा विनाश करणारं यंत्र बसवायला घेतलं आहे. यंत्राचे चौदा खोके ट्रकमधून आले आहेत. परब काळा झगा सावरत म्हणतो, “उतरवा! आणि थरथर कापा!” टोळीचा मुकादम खांद्यावरचा टॉवेल झटकतो : “शेठ, खोक्यात काय हाय त्याच्याशी आपल्याला काय करायचं न्हाई. वाराईचं बोला.”

ही चौकट चालते, कारण मुकादमाचं म्हणणं रास्त आहे. महाराष्ट्रात १९६९पासून माथाडी कायदा आहे. अण्णासाहेब पाटील यांच्या चळवळीतून तो आला आणि हमाली करणाऱ्या माणसाला मंडळ, नोंदणी, मजुरीचा दर आणि हिशोब मिळाला. जगाचा विनाश करणारं यंत्र असलं म्हणून ते उतरवायची मजुरी, म्हणजे वाराई, बुडत नाही. परबला किरणं सोडता येतात, गुरुत्वाकर्षण उलटं करता येतं, पण वाराई चुकवता येत नाही. पुढच्या चौकटीत तो खाली मान घालून पाकीट काढतो आणि विचारतो, “सुट्टे आहेत का?”

विनोदी खलनायकाबद्दल सगळ्यात मोठा गैरसमज असा, की तो मूर्ख असावा. मूर्ख खलनायक तीन भागांत संपतो. चौथ्या भागापासून वाचकाला कळतं की हा पाय घसरून पडणार, आणि मग पडला तरी कुणी हसत नाही. परब हुशार पाहिजे. त्याचं यंत्र खरोखर चालणारं पाहिजे. आपल्या कामावर त्याची प्रामाणिक निष्ठा पाहिजे, थेट पीएच.डी.च्या विद्यार्थ्याइतकी. हसू येतं ते त्याच्या निष्ठेला काळाचौकीत कुणी भीक घालत नाही म्हणून.

मराठी माणसाला हे शिकवायला परदेशी कॉमिक्सची गरज पडू नये. कोकणातला संकासुर आठवा. पुराणात हा वेद पळवणारा राक्षस. एवढा मोठा गुन्हेगार, की त्याला मारायला विष्णूला मत्स्यावतार घ्यावा लागला. सगळं ज्ञान समुद्रात बुडवायला निघालेला, म्हणजे आजच्या भाषेत महाखलनायकच. पण दशावतारात तो काळ्या कपड्यांत येतो आणि चक्क मालवणीत बोलायला लागतो. देव जड मराठीत बोलणार आणि राक्षस घरच्या बोलीत, त्यामुळे प्रेक्षकाला राक्षसच जवळचा वाटतो. रत्नागिरीकडच्या नमनात आणि शिमग्यात उंच टोकदार टोपी, पांढरी दाढी आणि कमरेला घुंगरं बांधलेला संकासुर गावातल्या पोरांच्या मागे धावतो आणि पोरं त्याच्या मागे. भीती आणि मस्करी यांची फारकत आपल्याकडे कधी झालीच नव्हती. गिरणगावात आलेल्या चाकरमान्यांनी हा संकासुर सोबत आणला. परळच्या दामोदर नाट्यगृहात कोकणातल्या लोककलांचे प्रयोग वर्षानुवर्षं होत असत. गोव्यात नरक चतुर्दशीच्या आदल्या रात्री वाडावाडांतली तरुण मंडळी नरकासुराचे अक्राळविक्राळ पुतळे उभारतात, मिरवतात, आणि पहाटे जाळतात. कृष्णापेक्षा नरकासुरावर किती मेहनत घेतली आहे ते एकदा बघून यावं. कलाकाराचा जीव कुणात अडकतो याचा तो जाहीर कबुलीजबाब आहे.

तेव्हा परब जाहीरनामा काढेल तो ग्रंथातल्या मराठीत : “हे मर्त्य मानवांनो, तुमचा अंतकाळ समीप आला आहे.” त्याच वेळी खिशातला फोन वाजेल आणि आई म्हणेल, “रे पल्या, येताना पाव घेवन ये.” मुकादम साताऱ्याकडचं बोलेल, आई मालवणी बोलेल, आणि परब एकटाच पुस्तकी बोलेल. या तीन बोलींच्या घासाघाशीतून निम्मा विनोद आपोआप निघतो. तो चित्रकाराला काढावा लागत नाही. मात्र एक पथ्य आहे. बोलीवर हसायचं नाही. हसायचं ते पुस्तकी बोलणाऱ्यावर.

सिनेमात हीच परंपरा महेश कोठारे यांनी उचलली. ‘थरथराट’ (१९८९) मध्ये टकलू हैवान, ‘धडाकेबाज’ (१९९०) मध्ये कवट्या महाकाळ, आणि ‘झपाटलेला’ (१९९३) मध्ये तात्या विंचू. तीन सिनेमे, तीन महाखलनायक, आणि समोर लक्ष्मीकांत बेर्डे. नावांकडे नीट बघा. ‘हैवान’ भयंकर आहे, ‘टकलू’ गल्लीतला आहे. ‘महाकाळ’समोर ‘कवट्या’ आहे. ‘विंचू’ डसतो, पण ‘तात्या’ शेजारच्या खोलीत राहतो. अर्धं नाव घाबरवणारं आणि अर्धं घरचं. प्रलयंकर परब हे नाव याच साच्यातून काढलं आहे आणि त्याची लाज वाटण्याचं कारण नाही.

तात्या विंचूची कल्पना अमेरिकन ‘चाइल्ड्स प्ले’ (१९८८) या सिनेमावरून आलेली, हे सर्वांना ठाऊक आहे. मरणारा गुन्हेगार मंत्र म्हणतो आणि त्याचा आत्मा बाहुल्यात शिरतो. पण मराठीत आल्यावर तो आत्मा कुठल्या बाहुल्यात शिरला? रामदास पाध्ये यांनी बनवलेल्या बोलक्या बाहुल्यात. बोलका बाहुला म्हटलं की पाध्ये घराण्याचा अर्धवटराव आठवणाऱ्या प्रेक्षकासमोर हा आला. गमतीच्या बाहुल्याला घाबरायचं, की घाबरवणाऱ्या बाहुल्याला हसायचं, हे प्रेक्षकाला शेवटपर्यंत ठरवता येत नाही. दिलीप प्रभावळकरांनी तात्याला उभं केलं ते पूर्ण गांभीर्याने, कुठेही डोळा न मिचकावता. अंगकाठी बाहुल्याची आणि इच्छा राक्षसाची, एवढी एक विसंगती पकडून अख्खा सिनेमा चालला. वेबकॉमिकच्या चित्रकाराने या एका सिनेमाचा अभ्यास केला तरी पात्ररेखाटनाचा अर्धा अभ्यास संपतो.

उरलेला अर्धा ‘टिंकल’मध्ये आहे. अनंत पै यांनी १९८०मध्ये सुरू केलेल्या या मासिकात कालिया कावळ्याच्या गोष्टी येत. त्या चितारल्या प्रदीप साठे यांनी, आणि त्यात चमाटक कोल्हा आणि डुबडुब मगर ही खलनायकांची जोडगोळी होती. दर गोष्टीत नवी योजना, दर गोष्टीत कालियाकडून तीच हार. वाचक चमाटक जिंकेल का हे बघायला पान उलटत नव्हता, या वेळी कसा हरेल हे बघायला उलटत होता. मालिका लिहिणाऱ्याने आपला प्रश्न आधीच असा पक्का करून ठेवावा. त्याच मासिकातल्या शिकारी शंभूला वसंत हळबे यांनी असं काढलं की टोपीखालचे डोळे कधी दिसतच नाहीत. घाबरट माणूस शूर म्हणून खपायचा तर डोळे लपायलाच हवेत. सगळा स्वभाव एका टोपीत बसवला. परबच्या बाबतीत उलट करावं लागेल. मुखवट्याआड तोंड झाकलेलं, तेव्हा डोळे आणि भुवया मोठ्या हव्यात, कारण मुकादमासमोर गळालेला चेहरा दाखवायला दुसरी जागा उरत नाही. पोलादी, निर्विकार, डोळ्यांच्या जागी लाल काच असलेला मुखवटा दिसायला झकास, विनोदाला निरुपयोगी.

गोष्ट कुणाच्या नजरेतून सांगायची हा पुढचा निर्णय. शेनन गॅरिटी या अमेरिकन चित्रकर्तीने ३१ जुलै २००० ते ३१ डिसेंबर २००६ या काळात ‘नार्बोनिक’ नावाचं वेबकॉमिक रोज प्रसिद्ध केलं. त्यात जगाला धोका असलेली एक वेडी शास्त्रज्ञ आहे, पण आपण तिच्या प्रयोगशाळेत शिरतो ते तिने नोकरीला ठेवलेल्या, संगणक शिकलेल्या पोराबरोबर. त्याला नोकरी हवी होती, मिळाली ती इथे. या एका युक्तीने वेडेपणाला कार्यालय मिळालं, पगार आणि रजा आल्या. परबलाही एक बाळा द्यावा : कॉमर्स झालेला, तीन वर्षं ‘बघतो’ म्हणून थांबलेला, यंत्राची बटणं दाबणारा, आणि महिन्याच्या सात तारखेला अस्वस्थ होणारा. “सर, विनाश गुरुवारी आहे ना? मग बुधवारी पगार होईल का?” या प्रश्नात महाखलनायक जितका उघडा पडतो तितका दहा महानायकांच्या ठोशांनी पडत नाही.

आता कागदाकडे, म्हणजे फोनच्या पडद्याकडे. मराठीत रोजच्या चौकटींची सवय लावली ती चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांच्या ‘चिंटू’ने, १९९१पासून. वर्तमानपत्रात सगळ्या चौकटी एकदम नजरेला पडतात. शेवटची चौकट कोपऱ्यातून दिसत असतेच. फोनवर तसं नाही. स्कॉट मॅक्क्लाउड यांनी कॉमिक्सबद्दलच्या १९९३च्या पुस्तकात दाखवलं होतं, की कॉमिक घडतं ते दोन चौकटींमधल्या रिकाम्या पट्टीत. तिथे काय झालं ते वाचक स्वतः भरतो. फोनवर ती पट्टी तुमच्या अंगठ्याखाली येते. कोरियातल्या वेबटून पद्धतीत चित्रं उभी खाली सरकत जातात, तेव्हा दोन चित्रांमध्ये मुद्दाम लांब रिकामी जागा सोडता येते. जितकी लांब तितका वेळ. इन्स्टाग्रामवर चित्रं आडवी सरकवायची असतात, एका पोस्टमध्ये आधी दहा आणि २०२४पासून वीस. तिथे प्रत्येक सरकवणं म्हणजे पडदा उघडणं. म्हणून धक्का कधीही त्याच चित्रात ठेवू नये, पुढच्यात ठेवावा.

आणि धक्क्याच्या आधी एक मुकी चौकट. परब यंत्राची कळ ओढतो. पुढच्या चित्रात कुणीही काही बोलत नाही; परब, बाळा आणि मुकादम तिघं छताकडे बघतायत. तिसऱ्या चित्रात काळोख आणि आवाज : “लाइट गेली काय रे?” मधली मुकी चौकट काढून टाकून बघा, विनोद अर्धा मरतो. शब्दांशिवाय हसवण्याचे धडे घ्यायचे तर शि. द. फडणीस यांची ‘मोहिनी’ मासिकाची मुखपृष्ठं घेऊन बसावं. एकही अक्षर नाही, आणि डोळा नेमका कुठून कुठे फिरेल हे त्यांनी आधीच ठरवून ठेवलेलं असतं.

अक्षरांचा विषय मात्र हौशी चित्रकार सगळ्यात शेवटी काढतात आणि तिथेच हात पोळून घेतात. इंग्रजी कॉमिक्समधली फुगे भरायची रीत देवनागरीला जशीच्या तशी चालत नाही. आपल्या ओळीला वर वेलांटी आणि मात्रा, खाली उकार आणि ऋकार. दोन ओळी जवळ आणल्या की ‘कू’चं शेपूट खालच्या ‘कौ’वर आदळतं. फुगा मोठा काढावा, वाक्य छोटं करावं. चित्रं काढायच्या काही सॉफ्टवेअरांत भारतीय लिप्यांची मांडणी वेगळी निवडावी लागते. ती निवडली नाही तर जोडाक्षरं फुटतात, ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाऊन बसते, आणि परबच्या गर्जनेत ‘शक्ती’ऐवजी भलतंच काही छापलं जातं. इंग्रजीत ओरडायचं तर सगळी अक्षरं मोठी करतात. आपल्याकडे मोठी-छोटी अशी अक्षरंच नाहीत. मग ओरडायचं कसं? जाडी वाढवून, ओळ तिरकी करून, आणि अवग्रह लावून. ‘नाहीऽऽऽ’ मधले ते तीन अवग्रह जे काम करतात ते उद्गारचिन्हांच्या रांगेला जमत नाही. मुंबईच्याच एक टाइप या संस्थेचे ‘बालू’ आणि ‘मोदक’ हे फुकट मिळणारे फॉन्ट गुबगुबीत आवाजाला बरे. इंडियन टाइप फाउंड्रीचा ‘कलम’ हाताने लिहिल्यासारखा, तो आईच्या बोलण्याला द्यावा. परबच्या जाहीरनाम्याला शासकीय परिपत्रकाचं वाटेल असं रुक्ष अक्षर शोधावं.

आवाजांच्या बाबतीत मराठी श्रीमंत आहे आणि चित्रकार विनाकारण भिकारी. स्फोटाला परदेशी ‘बूम’ कशाला? धडाम आहे, धुडूम आहे, फुस्स आहे. खोका पडला तर धपकन, पत्रा पडला तर खणाणा, परब स्वतः पडला तर बदकन. प्रत्येकाचं वजन वेगळं आहे आणि वाचकाला ते कानाने ठाऊक आहे.

एक धोका सांगायला हवा. खलनायक रंगवताना हात सहज एखाद्या खऱ्या चेहऱ्याकडे वळतो. १९६०मध्ये सुरू झालेल्या ‘मार्मिक’ या व्यंगचित्र साप्ताहिकापासून मराठीत नाव घेऊन टोपी उडवायची ऐट आहे. पण २०१२मध्ये असीम त्रिवेदी या व्यंगचित्रकाराला इंटरनेटवरच्या चित्रांसाठी मुंबईत अटक झाली आणि राजद्रोहाचं कलम लागलं. कलम पुढे मागे घेतलं गेलं, पण अटक व्हायची ती झाली. त्याच वर्षी मुंबईच्याच अभिजीत किणी यांनी ‘अँग्री मावशी’ ही कॉमिक मालिका आणली. तिच्या तावडीत सापडणारे भ्रष्ट पुढारी कुणा एकाचे नव्हते, आणि म्हणून सगळ्यांचे होते. माझा कौल मावशीच्या बाजूने. भीतीपोटी म्हणत नाही. खऱ्या पुढाऱ्याचं चित्र पुढच्या निवडणुकीला शिळं होतं, वाराईवर अडलेला परब होत नाही.

आठवड्याला किती भाग काढायचे याची चर्चा लोक फार करतात. जितके काढून होतात तितके. वार मात्र ठरलेला. पहिला भाग टाकण्याआधी महिनाभराचे भाग तयार ठेवावेत, कारण गणपतीत लालबागमध्ये कुणीही काहीही वेळेवर पूर्ण केलेलं नाही. तो उशीरही कथेत घ्यावा : अकरा दिवस परबचं गोदाम मंडळाच्या सामानाने भरलेलं आणि विनाश अनंत चतुर्दशीनंतर.

आणि खलनायकाला एकदा तरी जिंकू द्यावं. नोव्हेंबरच्या सुमाराला शिवडीच्या खाडीत फ्लेमिंगो उतरतात. त्याच सकाळी परबचं यंत्र चालतं, वीज जात नाही, लोकल वेळेवर असते, आणि जगातली सगळी सरकारं शरण येतात. परब बाल्कनीत येतो, झगा फडफडतो. खाली अभ्युदयनगरची माणसं रांग लावून उभी आहेत. पहिली बाई कागदांची पिशवी वर करून विचारते, आता जग तुमचं झालं ना, मग आमच्या बिल्डिंगचा पुनर्विकास कधी? परब बाळाकडे बघतो. बाळा खांदे उडवतो. पुढच्या बुधवारच्या भागात परब जग परत द्यायला निघाला आहे, आणि ते घ्यायला कुणी तयार नाही.